वर्दीवरचा हल्ला: हेट क्राइममध्ये घालावा की वेगळा ठेवावा?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, मतदानाचा हक्क मिळालेल्या मराठी माणसासमोर हा प्रश्न कधी ना कधी येऊ शकतो. राज्याच्या विधिमंडळात विधेयक येतं: पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, अँब्युलन्सवरचे पॅरामेडिक यांच्यावर ते या पेशात आहेत म्हणून कुणी हल्ला केला, तर तो हेट क्राइम (वंश, धर्म अशा ओळखीच्या द्वेषातून केलेला गुन्हा) धरायचा आणि शिक्षा वाढवायची. मग आमदाराच्या कार्यालयातून तुमच्या मराठी मंडळाला विचारणा होते, पाठिंब्याचं पत्र द्याल का? गणेशोत्सवाच्या गर्दीत आपली काळजी घेणाऱ्या पोलिसांच्या विधेयकाला नाही कोण म्हणणार?

पण सही करण्याआधी एक गोष्ट बघा. वर्दीतल्या माणसाला संरक्षण देण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत आणि त्यांचा परिणाम सारखा नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. हेट क्राइमच्या यादीत पेशा घालणं हा त्यातला सगळ्यात दुबळा रस्ता आहे, आणि तो दुबळा आहे तो पोलिसांच्या आणि पॅरामेडिकच्याच बाजूने पाहिलं तर.

मागणी कुठून आली

२० डिसेंबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गस्तीच्या गाडीत बसलेल्या दोन पोलिसांना एका माणसाने गोळ्या घातल्या. ना ओळख, ना भांडण. अंगावर वर्दी होती, एवढंच. पुढच्याच महिन्यात फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस या मोठ्या संघटनेने पोलिसांना हेट क्राइम कायद्यात घ्या अशी मागणी केली. राज्यांमध्ये ती सगळ्यात आधी उचलली लुईझियानाने. गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स हे शेरीफांच्या घराण्यातले. त्यांनी २६ मे २०१६ ला सही केली. कायदा १ ऑगस्टपासून लागू व्हायचा होता. त्याआधीच ७ जुलैला डॅलसमध्ये पाच पोलीस मारले गेले आणि १७ जुलैला खुद्द लुईझियानाच्या राजधानीत, बॅटन रूजमध्ये, तीन. त्या दिवसांत ड्यूटीवर निघालेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना काय वाटत असेल, हे समजायला कायदा शिकावा लागत नाही. पुढच्या वर्षी केंटकी, मिसिसिपी आणि टेक्सासने आपापल्या पद्धतीने कायदे केले.

म्हणजे मागणी पोकळ नव्हती, ती खऱ्या दुःखातून आली होती. प्रश्न फक्त औषध बरोबर आहे का, हा.

एकाच ठोशाची तीन मोजमापं

फरक समजून घ्यायला विस्कॉन्सिनचा कायदा सगळ्यात सोयीचा, कारण तिथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आहेत. साधी मारहाण केली तर कमाल नऊ महिने कैद. तीच मारहाण समोरच्याचा वंश, धर्म वगैरे बघून केली असं सिद्ध झालं, तर तो गंभीर गुन्हा होतो आणि कमाल कैद दोन वर्षांवर जाते. आणि तीच मारहाण ड्यूटीवरच्या पोलिसाला किंवा अग्निशमन जवानाला केली, तर कमाल सहा वर्षं.

या सहा वर्षांसाठी सरकारी वकिलाला काय सिद्ध करावं लागतं? समोरचा पोलीस आहे हे आरोपीला ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं. वर्दी, बिल्ला, गाडीवरचा दिवा, काम झालं. आरोपी पोलिसांचा द्वेष करत होता का, हा प्रश्नच येत नाही.

दोन वर्षांसाठी मात्र आरोपीच्या मनात शिरावं लागतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ॲप्रेंडी खटल्यात ठरवलं की, आधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्याची बाब सोडली तर, कमाल शिक्षा वाढवणारी प्रत्येक बाब ज्युरीसमोर (निकाल देणाऱ्या नागरिकांसमोर) निःसंशय सिद्ध झाली पाहिजे. तो खटलाही हेट क्राइमचाच होता: न्यू जर्सीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि हेतू वंशद्वेषाचा होता हे ज्युरीने नाही, न्यायाधीशांनी ठरवलं होतं. तेव्हापासून हेतूचं ओझं पूर्णपणे सरकारी पक्षाच्या डोक्यावर आहे. जॉर्जियात अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला मारणाऱ्या तीन गोऱ्यांवर २०२२ मध्ये केंद्राचा हेट क्राइम खटला चालला, तेव्हा वकिलांनी आरोपींचे जुने मेसेज आणि सोशल मीडियावरचं लिखाण ज्युरीपुढे मांडलं. द्वेष सिद्ध करायचा तर असं खणावं लागतं.

केंद्राचा कायदा तर दुसऱ्या टोकाला जातो. १९७५ च्या फिओला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केंद्राच्या अधिकाऱ्यावर हल्ला केला असेल, तर तो अधिकारी आहे हे आरोपीला माहीत होतं, हेही सिद्ध करण्याची गरज नाही.

आता कोणतं कलम जास्त मजबूत, हे तुम्हीच ठरवा. मला तरी उत्तर सरळ दिसतं.

ओक क्रीकचा रविवार

५ ऑगस्ट २०१२. विस्कॉन्सिनमध्येच, ओक क्रीकच्या गुरुद्वारात सकाळी लंगरची तयारी चालू होती. गोऱ्यांच्या वर्चस्वाचं वेड डोक्यात घेतलेला एक माजी सैनिक पिस्तूल घेऊन आत शिरला. सहा जण त्या दिवशी गेले. लुळा पडून राहिलेला सातवा २०२० मध्ये गेला. सगळ्यात आधी पोहोचलेले पोलीस अधिकारी होते लेफ्टनंट ब्रायन मर्फी. पार्किंगमध्ये हल्लेखोराने त्यांच्यावर जवळून पंधरा गोळ्या झाडल्या. सहकारी मदतीला धावले, तेव्हा रक्तबंबाळ मर्फींनी हाताने खूण करून त्यांना आतल्या लोकांकडे जायला सांगितलं. ते वाचले.

एकाच आवारात, एकाच माणसाच्या हातून दोन गुन्हे घडले आणि दोन्ही भयंकर होते. पण ते एका जातीचे नव्हते. आतल्यांना गोळ्या लागल्या कारण ते कोण आहेत हे त्या माणसाला खुपत होतं. मर्फींना लागल्या कारण ते त्याला अडवायला आले. मर्फींवरच्या हल्ल्याला हेट क्राइमचं कलम लावायला गेलात, तर बचाव पक्षाचा वकील उठून नेमकं हेच म्हणेल, आणि ते खरं असेल. त्याउलट ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यावर हल्ला हे कलम लागायला कसलीच अडचण नव्हती. हल्लेखोर तिथेच मेला, म्हणून खटला उभा राहिला नाही.

आणि आतल्यांचं काय? तेव्हा एफबीआयच्या हेट क्राइम नोंदीत शीख असा वेगळा रकानाच नव्हता, हिंदूही नव्हता. आई गमावलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने सिनेटसमोर जाऊन साक्ष दिली. २०१५ पासून शीख, हिंदू आणि अरबविरोधी गुन्ह्यांची वेगळी नोंद सुरू झाली. हेट क्राइमची यादी त्यांच्यासाठी आहे ज्यांना दुसरीकडे कुठेच जागा नव्हती. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या इंजिनिअरला 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत मारलं गेलं, तेव्हा हेट क्राइम या शब्दाचं मोल आपल्या सगळ्यांना कळलं. हा साधा बारमधला खून नव्हता, हे कायद्याने म्हणणं गरजेचं होतं. मारेकऱ्याने २०१८ मध्ये केंद्राच्या हेट क्राइम खटल्यात गुन्हा कबूल केला.

जॉर्जियाचा मधला रस्ता

जॉर्जियाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिथे एकाच उन्हाळ्यात दोन्ही विधेयकं आली. त्या राज्यात हेट क्राइम कायदा नव्हताच. आधीचा २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फार मोघम म्हणून रद्द केला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्बरीचा खून झाला, मे महिन्यात व्हिडिओ बाहेर आला आणि मगच अटक झाली. जूनमध्ये विधेयक पुढे सरकलं, तेव्हा सिनेटच्या समितीने त्यात फर्स्ट रिस्पॉन्डर (पोलीस, अग्निशमन जवान, पॅरामेडिक) घुसवले. वंश, धर्म, अपंगत्व यांच्या रांगेत पेशा! विधेयक अडकलं. शेवटी तडजोड झाली: हेट क्राइम विधेयकातून पेशा काढला आणि एचबी ८३८ या वेगळ्या विधेयकात घातला. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी पहिल्यावर २६ जूनला आणि दुसऱ्यावर ५ ऑगस्टला सही केली.

वेगळा कायदा म्हणजे उत्तम, असं वाटेल. मजकूर वाचा. फर्स्ट रिस्पॉन्डर आहे म्हणून धाक घालण्याच्या विशिष्ट हेतूने मृत्यू किंवा गंभीर इजा घडवली, किंवा ५०० डॉलरहून जास्त नुकसान केलं, तर एक ते पाच वर्षं. ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेव्यतिरिक्त, हे खरं. पण पोलिसावर जीवघेणा हल्ला केल्यास वीस वर्षांपर्यंत कैद जॉर्जियात आधीपासूनच होती, तीही द्वेष सिद्ध न करता. हेतू सिद्ध करण्याचं सगळं ओझं उचलून हाती काय आलं, तर एक ते पाच वर्षं. शिवाय त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकावर पोलीस दिवाणी दावा लावू शकतो. खरी तक्रार असलेला साधा माणूसही यामुळे दोनदा विचार करेल. जवानांचं संरक्षण असं नाव असलेल्या विधेयकात अशी कलमं येतात, म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं.

केंटकीबद्दल थोडक्यात: तिथे हेट क्राइम ठरल्याने वर्षं वाढतच नाहीत. प्रोबेशन (कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळीक) किंवा पॅरोल (मुदतीआधी सशर्त सुटका) नाकारायला न्यायाधीशांना आणि पॅरोल मंडळाला एक कारण मिळतं, इतकंच.

समर्थकांचं कुठे पटतं

'पेशा बदलता येतो, वंश बदलता येत नाही' हा विरोधकांचा आवडता मुद्दा मला लंगडा वाटतो. धर्मही बदलता येतो, तरी तो यादीत आहेच आणि असायलाच हवा. एका पोलिसावरच्या हल्ल्याने सगळ्या पोलीस कुटुंबांत दहशत पसरते, हेही खरं. आणि १९९३ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाढीव शिक्षेला मान्यता दिली असल्याने, कोणाला यादीत घ्यायचं हे ठरवायला विधिमंडळाला बराच वाव आहे.

पण अनुभव काय सांगतो? सप्टेंबर २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एका दारू प्यायलेल्या माणसाने हॉटेलची काच फोडली आणि पकडायला आलेल्या पोलिसांना शिव्या घातल्या. त्याच्यावर नव्या कायद्याखाली हेट क्राइम लावला गेला. तो टिकला नाही. पुढच्या जानेवारीत सेंट मार्टिनव्हिलच्या पोलीस प्रमुखांनी, अटकेला विरोध केला तरी हा कायदा लागेल, असं सांगितलं. ज्या कलमामागे ब्रुकलिनची ती गाडी होती, ते शिवीगाळीपर्यंत यायला फार दिवस लागले नाहीत.

पॅरामेडिक आणि नर्स

या वादात पोलिसच पुढे येतात, बाकीचे नावापुरते. अँब्युलन्समध्ये किंवा इमर्जन्सी विभागात हात उगारला जातो तेव्हा समोर नशेतला पेशंट असतो, भान हरपलेला मनोरुग्ण असतो, किंवा संतापलेला नातेवाईक. पॅरामेडिकांचा द्वेष करणारा माणूस शोधावा लागेल. हेट क्राइमचं कलम यांच्या कामाचं नाहीच. त्यांना हवं ते विस्कॉन्सिनने २०२२ मध्ये केलं: मारहाणीचं वाढीव कलम इमर्जन्सी विभागाबाहेरच्या आरोग्यसेवकांपर्यंतही नेलं.

आपल्याला हे नवीन नाही. महाराष्ट्रात 'सरकारी कामात अडथळा' हे शब्द कानावर असतातच. जुनं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. डॉक्टर आणि दवाखान्यांसाठी राज्याने २०१० मध्ये वेगळा कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. यातलं कुठलंही कलम आरोपीच्या मनात द्वेष होता का, असं विचारत नाही. अंमलबजावणी अपुरी पडते ती तक्रार आणि तपासापाशी, हेतूपाशी नाही.

मग पत्रात काय लिहायचं

तुमच्या राज्यात ड्यूटीवरच्या पोलिसावरच्या हल्ल्याला आधीच वाढीव शिक्षा असेल (टेक्सासमध्ये ड्यूटीवरच्या पोलिसाला केलेल्या मारहाणीला दोन ते वीस वर्षं आहेत), तर हेट क्राइम विधेयकाला नकार द्या आणि कारण लिहा: हे कलम सिद्ध करायला जास्त अवघड आहे. त्या वाढीव कलमात पॅरामेडिक, नर्स, ९११ या आणीबाणीच्या नंबरवरचे फोन घेणारे यांची नावं आहेत का ते तपासा. नसतील तर ती घाला अशी मागणी करा, तिला मनापासून पाठिंबा द्या. विधेयकात वंश, धर्म आणि पेशा एकत्र बांधून आणले असतील, तर जॉर्जियासारखं ते फोडायला सांगा आणि दोन भागांवर वेगळं मत नोंदवा. आणि हे सगळं तुमच्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्यांना भेटून, समोरासमोर सांगा. पत्र नंतर पाठवा.