ठेव ठेवण्याआधी देणी पाहावीत : देवगडातील एका बँक शाखेचा अनुभव

आईला निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम गुंतवायची म्हणून मार्च महिन्यात आम्ही देवगड बाजारपेठेतील एका व्यापारी बँकेच्या शाखेत गेलो. व्याजदराची चौकशी पाच मिनिटांत आटोपली. पुढचा अर्धा तास मी बँकेचा ताळेबंद समजून घेण्यात घालवला, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या अर्ध्या तासाचे आहे.

बँक भक्कम आहे का, असे विचारले की लोक थकीत कर्जांविषयी बोलतात. ते योग्यच आहे, पण आपली ठेव बँकेच्या वहीत देणे म्हणून लिहिली जाते, आणि ही देणी कोणाची, किती मुदतीची व किती व्याजाची आहेत, यावरूनही बँकेची प्रकृती कळते. ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक 2007 मध्ये अडचणीत आली, कारण गृहकर्जे देण्यासाठी ती ज्या घाऊक बाजारातून, म्हणजे इतर बँका व मोठ्या गुंतवणूकदारांकडून, पैसा उचलत होती तो बाजारच आटला. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेला रोख्यांत तोटा झाला होता हे खरे. पण तिच्या बहुतांश ठेवी विमा संरक्षणाबाहेरच्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्यांच्या असल्यामुळे 9 मार्च 2023 रोजी एका दिवसात सुमारे 42 अब्ज डॉलर काढले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी बँक बंद झाली.

वार्षिक अहवाल मागितल्यावर काउंटरवर ‘वेबसाइटवर आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शाखाधिकाऱ्यांनी मात्र स्वतः कपाटातून प्रत काढली, आईला ‘काकू, बसा’ म्हणत शेजारी खुर्ची दिली आणि तिसऱ्या परिशिष्टातील ठेवींच्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. चालू, बचत आणि मुदत ठेवी तिथे वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. बचत खात्यांचा वाटा मोठा असेल तर बँकेला पैसा स्वस्त पडतो आणि जास्त व्याजाचे आमिष दाखवून ठेवी ओढाव्या लागत नाहीत. चौथ्या परिशिष्टातील उसनवारी, म्हणजे बँकेने स्वतः घेतलेली कर्जे, त्यांनी न विचारता दाखवली. मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र शेवटच्या टिपांमधील एक ओळ : सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचा एकूण ठेवींतील वाटा. या बँकेत तो दहा टक्क्यांहून कमी होता.

आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये हापूसचे पैसे खात्यांत येतात आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे शाखेची शिल्लक हंगामाप्रमाणे वरखाली होते. तरीही हजारो लहान खातेदारांचा पैसा एका सकाळी एकदम निघून जात नाही. आम्ही बसलो असताना मासळी विकून आलेली एक बाई पिशवीतल्या ओलसर नोटा मोजून बचत खात्यात भरत होती. बँकेचा खरा आधार अशाच ठेवी असतात, असे माझे ठाम मत आहे.

तक्रारी दोन आहेत. अहवालाचा मराठी गोषवारा शाखेत मिळत नाही, आणि ज्यांच्या पैशावर बँक उभी आहे त्यांनाच त्यांचे आकडे वाचता येऊ नयेत, ही उणीव मला गंभीर वाटते. दुसरे म्हणजे, ठेवीसाठी आलेल्या आईला एका कर्मचाऱ्याने विमा पॉलिसी घेण्याचा वारंवार आग्रह केला. ज्येष्ठांच्या बाबतीत हे थांबलेच पाहिजे.

ठेव विम्याची माहिती मात्र अचूक दिली गेली. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या विम्याच्या रकमेची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाख रुपयांवर गेली आहे. तीत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. म्हणून आम्ही इथे एक वर्षासाठी 4 लाख 60 हजारच ठेवले आणि उरलेली रक्कम टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत भरली. मुदत संपेल तेव्हा नव्या अहवालातली वीस ठेवीदारांची तीच ओळ पाहूनच नूतनीकरणाचे ठरवू.