देवपुरातला पेटी-कीबोर्डचा वर्ग: पट्टी नीट समजली

धुळ्यात देवपूरला एका घराच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी पेटी आणि कीबोर्डचा वर्ग चालतो. आमच्या महिला भजनी मंडळात पेटीवर मी बसते, म्हणून नाव घातलं. पट्टी म्हणजे सा ज्या सुरावर धरायचा तो; पेटीवरच्या काळ्या आणि पांढऱ्या वेगवेगळ्या मोजून तिला काळी एक, पांढरी पाच अशी नावं देतात. आम्ही बायका काळी चार-पांढरी पाचच्या आसपास गातो, सप्ताहात पुरुष मंडळी काळी एक मागतात, आणि माझा हात बसलेला फक्त पांढरी एकवर. "ताई, पट्टी बदला" म्हटलं की पोटात गोळा यायचा.

इथे सुरुवातीला गाणं नाहीच. आधी घरं मोजायची; काळी असो वा पांढरी, शेजारची प्रत्येक एक घर. काळ्या-पांढऱ्या मिळून सप्तकात बारा स्वर. सा कुठेही धरा, तिथून दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी घरं पुढे सरकलात की वरचा सा येतो. हा बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांची ठरलेली मांडणी), कीबोर्डवाल्यांचं मेजर स्केल. पांढरी एकपासून सगळ्या पांढऱ्याच लागतात. पांढरी दोनला सा धरला, तर ग काळी तीनवर आणि नी वरच्या काळी एकवर जातो. घाई केली की सर अहिराणीत सांगतात, "पहिले आयक, मंग बोट ठेव."

एकदा सरांनी पांढरी एकचा सूर धरून काळी तीन दाबली. तीव्र म, म्हणजे शुद्ध म पेक्षा एक घर वरचा; सगळ्यांनी ओळखला. मग खालचा सूर सोडून पांढरी दोन धरली आणि पुन्हा तीच काळी तीन. तीच काळी तीन आता शुद्ध गंधार, म्हणजे ग, झाली होती! कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, कानालाच कळलं. पुढे पांढरी सहाला सा धरून नुसत्या पांढऱ्या वाजवल्या, तर ग, ध, नी कोमल झाले, म्हणजे एकेक घर खाली आले. आसावरी थाट, म्हणजे नॅचरल मायनर. दाबलेल्या पांढऱ्या त्याच, फक्त सा हलला.

बोटं तीच ठेवून पट्टी बदलून देणारं कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण सर दाबू देत नाहीत. कार्यक्रमात ते सोयीचं असेलही, पण शिकताना त्याची सवय लागली की बोटं पांढरी एक सोडत नाहीत. मला हे शंभर टक्के पटलं.

उणं म्हणाल तर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, फार भरभर उरकतात. कीबोर्डच्या परीक्षेला बसणाऱ्यांना तेवढ्यावर भागणार नाही. आणि खिडकीजवळच्या पेटीची काळी दोन सुरात उतरलेली आहे. जिथे एवढा भर कानावर, तिथे ती पेटी आधी दुरुस्त व्हायला हवी; सरांना तसं सांगितलंय.

फी महिन्याला सातशे, संध्याकाळी बायकांची वेगळी बॅच. भजनी मंडळात साथ करणाऱ्यांनी नक्की जावं. आता आमच्याकडे कुणी काळी एक मागितली, तर मी आधी खालचा सा लावून देते आणि मगच अभंग सुरू होतो.