घरबसल्या आरएन पदवी: लायसन्सच्या बाजूने वापरून पाहिल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. अमेरिकेतली दूरस्थ एलपीएन-ते-आरएन पदवी, म्हणजे सहायक दर्जाच्या नर्सला (एलपीएन) घरून शिकून पूर्ण नोंदणीकृत नर्स (आरएन) होऊ देणारी पदवी, अभ्यास म्हणून ५ पैकी ४. एनक्लेक्सची, म्हणजे लायसन्ससाठीच्या परीक्षेची, तयारी म्हणूनही ४. आणि लायसन्स मिळवण्याचं साधन म्हणून, तुम्ही कोणत्या राज्यात राहता त्यावर, ५ पासून शून्यापर्यंत काहीही. हा आढावा या तिसऱ्या आकड्याबद्दल आहे. पदवी हातात पडेपर्यंत बहुतेक जण खूश असतात. तक्रारी सुरू होतात त्या अर्ज राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर गेल्यावर.

प्रकार नवा नाही. न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्सनी, म्हणजे तिथल्या शिक्षण मंडळाने, १९७१ मध्ये बाहेरून पदवी देण्याचा उपक्रम सुरू केला. तेच पुढे २००१ मध्ये एक्सेलसियर कॉलेज झालं आणि २०२२ मध्ये एक्सेलसियर युनिव्हर्सिटी. प्रवेश मुळात आरोग्यसेवेत आधीपासून असलेल्यांना: एलपीएन, पॅरामेडिक, लष्करातले कोअरमन म्हणजे वैद्यकीय सहायक. थिअरी घरी वाचायची, परीक्षा द्यायच्या, आणि हाताचं कौशल्य सिद्ध करायला सीपीएनई नावाची शुक्रवार संध्याकाळ ते रविवार चालणारी परीक्षा. ती खऱ्या रुग्णालयात, खऱ्या रुग्णांवर व्हायची. ठरलेल्या मुद्द्यांपैकी एक जरी सुटला तरी ती केस नापास. ज्यांना ही परीक्षा सोपी वाटते त्यांनी ती दिलेली नसते. आता बाजारात या जातीचे बरेच कार्यक्रम आहेत आणि पुष्कळांनी स्थानिक रुग्णालयातले तासही जोडले आहेत. अडचण मात्र अजून त्या जुन्या प्रश्नाचीच आहे: क्लिनिकल, म्हणजे रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष शिक्षण, कुणाच्या नजरेखाली झालं?

बोर्डाचं म्हणणं समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. एलपीएन म्हणून दहा वर्षं वॉर्डात काढली, हा अनुभव बोर्डाच्या हिशेबात बहुतेक ठिकाणी आरएनचे क्लिनिकल तास ठरत नाही. कारण ते काम एलपीएनच्या कक्षेत झालेलं असतं. पहिलं असेसमेंट करणं, केअर प्लॅन आखणं, इतरांना काम नेमून देणं, काही राज्यांत शिरेतून थेट औषध देणं, या आरएनच्या जबाबदाऱ्या त्यात येत नाहीत. बोर्डाला हवं असतं की विद्यार्थी आरएनच्या भूमिकेत असताना कॉलेजच्या प्राध्यापकाने त्याच्यावर देखरेख केली, चुका दाखवल्या, पुन्हा करून घेतलं. शेवटी घेतलेली परीक्षा कितीही कडक असली तरी ती मूल्यमापन झाली, शिकवणं झालं नाही, असा हा युक्तिवाद. आम्हाला तो पूर्ण पटत नाही, कारण एनक्लेक्स सगळ्यांना एकच आहे. पण अर्ज भरताना आपलं मत कुणी विचारत नाही.

कॅलिफोर्निया हे यातलं सर्वात कठीण राज्य. तिथल्या नियमांत थिअरी आणि क्लिनिकल एकाच वेळी चालायला हवं अशी अट आहे. बालरोगाचं पुस्तक आज वाचलं आणि बालरोग वॉर्डातले तास दोन वर्षांनी भरले, तर एकूण तास पुरेसे असूनही अट मोडते. ६ डिसेंबर २००३ किंवा त्यानंतर एक्सेलसियरमध्ये प्रवेश घेतलेल्यांना तिथे आरएन लायसन्ससाठी पात्र धरलं जात नाही, त्याचं मूळ याच अटीत आहे. शिवाय २०२२ च्या कायद्याने ५०० तास थेट रुग्णसेवेचे ठरवले: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि वृद्धसेवा, प्रत्येकात किमान ३० तास. मराठी वाचकांनी इथे जरा थांबावं. एका वेळी शिकण्याची ही अट परदेशात शिकलेल्यांनाही लागते. महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांचा मानसिक आरोग्याचा किंवा प्रसूतीचा वॉर्ड थिअरीनंतरच्या वर्षात झालेला असेल, तर दूरस्थ शिक्षणाशी काडीचा संबंध नसताना फाइल त्याच खड्ड्यात पडू शकते.

याच राज्याचा उलटा नमुनाही आहे. एलव्हीएन, म्हणजे तिथली एलपीएन, ३० युनिटांचा पर्याय घेऊन पदवीविना आरएन परीक्षेला बसू शकते. ते लायसन्स कॅलिफोर्नियात चालतं आणि राज्याबाहेर नेलं की इतर बोर्डं ते बहुधा मान्य करत नाहीत. आडकाठी फक्त दूरस्थवाल्यांनाच आहे, असा समज असेल तर तो सोडावा.

बाकी राज्यं मधल्या पायऱ्यांवर आहेत. जॉर्जियाच्या कायद्यात ‘नॉन-ट्रॅडिशनल’ कार्यक्रम असा वेगळा वर्ग आहे. आधीचा अनुभव किती आणि कसा, त्यानुसार पदवीनंतर प्रिसेप्टरशिप, म्हणजे अनुभवी नर्सच्या (प्रिसेप्टरच्या) हाताखाली वॉर्डातले ठरलेले तास, करावी लागते. वॉशिंग्टन राज्यही प्राध्यापकांच्या देखरेखीतलं क्लिनिकल नसलेल्या कार्यक्रमांना अशाच वेगळ्या नावाने ओळखतं. व्हर्जिनिया आपल्या कार्यक्रमांकडून ५०० तास थेट रुग्णसेवा मागते आणि सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी कृत्रिम प्रसंगावर केलेल्या सरावाला, त्यात एक चतुर्थांशापर्यंतच जागा देते. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात निम्मे तास चांगल्या सिम्युलेशनने भरले तरी निकाल बिघडत नाहीत असं दिसलं होतं, पण अभ्यास एका जागी आणि राज्याचा नियम दुसऱ्या जागी, असं अजूनही चालतं. पदवीनंतरची प्रिसेप्टरशिप कागदावर सरळ वाटते. प्रत्यक्षात लायसन्स नसलेल्या पदवीधराला वॉर्डात घ्यायला रुग्णालयं तयार नसतात, कारण विमा कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हे ठरत नाही. तुम्ही एलपीएन म्हणून जिथे नोकरी करता तिथल्या नर्सिंग संचालकांकडे प्रवेशाआधीच शब्द टाकून ठेवणं हाच त्यातल्या त्यात चालणारा मार्ग.

आता प्रवेशापूर्वीची तपासणी. फेडरल आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला लायसन्सकडे नेणाऱ्या कार्यक्रमाबद्दल राज्यवार यादी जाहीर करावी लागते. १ जुलै २०२४ पासून नियम आणखी घट्ट झाला: प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या शैक्षणिक अटी कार्यक्रमाने पूर्ण केल्या पाहिजेत. यात एक फट आहे. ‘मी अमुक दुसऱ्या राज्यात नोकरी शोधणार आहे’ असं विद्यार्थ्याने लेखी दिलं तर कॉलेज त्याला घेऊ शकतं. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असं एखादं पान सहीसाठी पुढे आलं तर ते औपचारिक समजू नका. त्या एका सहीने धोका कॉलेजच्या खांद्यावरून तुमच्या खांद्यावर येतो. यादीच्या पानाची तारखेसह पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा. ती पानं बदलतात.

इथेच सर्वाधिक लोक फसतात ते सारा या शब्दावर. सारा हा राज्याराज्यांमधला करार आहे आणि कॅलिफोर्निया सोडून सगळी राज्यं त्यात आहेत. त्यामुळे कॉलेजला दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी मिळते. नर्सिंग बोर्डाचा त्याच्याशी संबंध नाही. प्रवेश सल्लागार फोनवर म्हणतात, ‘तुमच्या राज्यात आम्हाला मान्यता आहे’, ते अनेकदा याच मान्यतेबद्दल असतं. एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंग शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता तिसरीच गोष्ट. ती कार्यक्रमाच्या दर्जाबद्दल बोलते. सारा आणि ही मान्यता दोन्ही असूनही लायसन्स नाकारलं जाऊ शकतं.

म्हणून बोर्डाला स्वतः ईमेल करावा, आणि प्रश्न नेमका असावा. ‘हे कॉलेज चालतं का?’ असं विचारलं तर नियमांच्या पानाची लिंक येते आणि विषय संपतो. ईमेलमध्ये कार्यक्रमाचं पूर्ण नाव आणि एनक्लेक्सचा प्रोग्रॅम कोड द्या. क्लिनिकल प्राध्यापकाच्या देखरेखीत आहे की प्रिसेप्टरच्या, कोणत्या राज्यात आहे आणि सिम्युलेशन किती आहे, तेही लिहा. मग दोन वेगळे प्रश्न: परीक्षेने पहिलं लायसन्स मिळेल का, आणि दुसऱ्या राज्यातून एंडॉर्समेंटने, म्हणजे तिथल्या लायसन्सच्या आधारे परीक्षेविना, मिळेल का? या दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. हे पत्र तीन राज्यांना पाठवावं: जिथे राहता तिथे, जिथे क्लिनिकल होणार तिथे आणि जिथे पुढे जाण्याची शक्यता आहे तिथे. एच-१बी वर असलेल्या जोडीदाराची नोकरी न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्नियातल्या बे एरियात हलणं ही मराठी घरांत नवलाची गोष्ट नाही, आणि सोयीच्या राज्यातून सर्वात अडचणीच्या राज्यात पोचायला एक ऑफर लेटर पुरतं.

शिकत असताना फाइल सांभाळण्याला पर्याय नाही. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, थिअरीच्या सुरुवात आणि शेवटच्या तारखा, त्यासमोर त्याच विषयाच्या क्लिनिकलच्या तारखा, जागा, विभाग, तास, आणि देखरेख करणाऱ्या आरएनचा लायसन्स क्रमांक. हे एका तक्त्यात असेल तर बोर्डाच्या शंकेला एका दिवसात उत्तर जातं. कॉलेजकडून नंतर मागवलं तर एकूण तासांचं पत्र येतं. त्यात विषयवार फोड नसते, आणि बोर्डाला हवी असते ती फोडच.

अर्जाचा टप्पा त्यामानाने सरळ. बोर्डाची फी, बोटांचे ठसे, कॉलेजकडून थेट गेलेलं ट्रान्सक्रिप्ट. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे एनक्लेक्सचे २०० डॉलर. मग बोर्डाने पात्र ठरवलं की परीक्षेचं परवानगीपत्र. त्याची मुदत वाढत नाही. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा. आपल्याकडची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं, पासपोर्टवर तिसराच क्रम. परीक्षा केंद्रावर परवानगीपत्रातलं पहिलं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. नोंदणी करताना कॉलेज, बोर्ड आणि पिअर्सन तिन्हीकडे एकच नाव वापरा.

लायसन्स मिळालं म्हणजे प्रकरण मिटलं, असं समजू नये. राज्य बदललं की एंडॉर्समेंट आणि तिथे शिक्षणाची तपासणी नव्याने. नर्सिस या लायसन्सांच्या राष्ट्रीय नोंदीवरून पडताळणी पाठवायला दर लायसन्समागे, दर बोर्डामागे ३० डॉलर. ती तुमचं लायसन्स स्वच्छ आहे एवढंच सांगते. यावर उतारा म्हणजे कॉम्पॅक्ट. ४० हून अधिक राज्यांच्या या करारात घरच्या राज्याचं बहुराज्य लायसन्स असेल तर दुसऱ्या सदस्य राज्यात वेगळा अर्ज न करता काम करता येतं. टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, न्यू जर्सी आत आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय बाहेर. म्हणजे ज्या राज्यात या पदव्यांचा जन्म झाला त्याच न्यूयॉर्कचं लायसन्स घेतलं तर ते एका राज्यापुरतंच. कॉम्पॅक्टमध्ये दोन अटी चावतात. घर बदललं की ६० दिवसांत नव्या राज्यात अर्ज करावा लागतो, आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच. कामाची परवानगी नसलेल्या एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) धारकाकडे तो सहसा नसतो. काही राज्यं त्याविनाही लायसन्स देतात, पण ते एका राज्यापुरतं राहतं. फोनवरून रुग्णांना सल्ला देण्याची नोकरी घेतली तरी हिशेब तोच, कारण नियम पाहतात तो रुग्ण कुठे आहे ते.

भारतात जीएनएम किंवा बीएस्सी करून आलेल्यांनी हा रस्ता धरण्याआधी एक काम करावं. इथे आल्यावर घाईने एलपीएन होऊन मग दूरस्थ आरएन करण्याचा सल्ला ओळखीतून मिळतो. तो बहुतेक वेळा महागात पडतो. मूळ शिक्षणाचं मूल्यमापन परदेशी नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या सीजीएफएनएस संस्थेकडून, म्हणजे आताच्या ट्रूमेरिटकडून, आधी करून घ्या. कॉलेजकडून विषयवार थिअरी आणि क्लिनिकल तास, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी, दोन्ही थेट त्यांच्याकडे जायला हवेत. उमेदवाराने स्वतः पाठवलेली प्रत चालत नाही. अनेक राज्यांत जीएनएमवर थेट आरएन परीक्षेला बसता येतं. इग्नूची पोस्ट बेसिक बीएस्सी आहे म्हणून कुणी घाबरू नये. ती आधीच नोंदणी झालेल्या, नोकरीतल्या नर्ससाठी होती, त्यामुळे पहिलं लायसन्स ज्यावर उभं राहतं ते जीएनएमच. तसंच, इथे आरएन झाल्यावर ऑनलाइन आरएन-ते-बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) करण्यात या आढाव्यातली कुठलीच अडचण येत नाही, कारण लायसन्स आधीच हातात असतं.

आणि ज्यांची पदवी झाली आहे, लायसन्स दुसऱ्या राज्याचं आहे, पण घर कॅलिफोर्नियात हललं आहे, त्यांच्यासाठी: व्हेटरन्स अफेअर्सची, म्हणजे माजी सैनिकांसाठीची, रुग्णालयं फेडरल आहेत. तिथे कोणत्याही एका राज्याचं चालू आरएन लायसन्स पुरतं. जागा कमी आणि भरती संथ असते, म्हणून अर्ज घर हलवण्याआधीच टाकावा, आणि जुन्या राज्यातलं लायसन्स नूतनीकरण न चुकवता चालू ठेवावं. ते एकदा लॅप्स झालं की पुन्हा चालू करताना काही बोर्डं अलीकडच्या कामाचे तास मागतात, आणि ते तास लायसन्सविना भरता येत नाहीत.