असेट्टो कोर्सामधली फेरारी एफ४०: टर्बोवाल्याच्या नजरेतून

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं टर्बो दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. शाफ्टला प्ले (ढिलेपणा) किती, टर्बाइनची पाती कुठे घासलीत, वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला टाळून बाजूने सोडणारी झडप) मोकळं हलतंय का, हेच दिवसभर बघतो. त्यामुळे पुतण्याने स्टीअरिंग-पेडल जोडून 'असेट्टो कोर्सा' हा कार रेसिंगचा गेम लावून दिला तेव्हा मी थेट फेरारी एफ४० निवडली. २.९ लिटरचं व्ही८, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती, १९८७ ची गाडी. एबीएस नाही, पॉवर स्टीअरिंगही नाही.

ट्रॅक इटलीतला मुजेल्लो. शेवटचं वळण बुचिने, लांबलचक डावं. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काहीच नाही! इंजिन नुसतं गुरगुरतं, बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा रेंगाळत वर चढतो आणि मग गाडी अशी टर्बोवर येते की पाठ सीटला चिकटल्याचा भास होतो. माझं स्टीअरिंग तेव्हा अजून डावीकडेच होतं. मागची चाकं सुटली, गाडी गरकन फिरून गवतात. दहा-बारा फेऱ्यांनी जमलं: पाय वळणाच्या मध्याआधीच दाबायला लागायचा, म्हणजे बूस्ट येईपर्यंत स्टीअरिंग सरळ झालेलं असतं. जुन्या डिझेल गाडीने घाट चढणाऱ्यांना हे सांगायला नको. २,००० च्या खाली पिकअप मिळत नाही, ओव्हरटेकच्या आधी गिअर उतरवावाच लागतो. ती वाट बघायला लावणारी घटका या गेमने अगदी बरोबर पकडलीय.

मग वर्कशॉपमध्ये करतो तसं करून पाहिलं. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, पेडल तळाला. तरी बूस्ट चढला. हे मला पटलं नाही. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. इंजिनवर लोड नसेल तर इंधन कमी जळतं, गॅस कमी निघतो, टर्बाइनला रेटा मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "इथंच रेस करून बघा की!" तेव्हा आम्ही त्याला शेजारी बसवून पन्हाळ्याच्या चढाला गाडी नेतो, ती याचसाठी.

पुतण्याने गाडीची डेटा फाईल उघडून दाखवली. टर्बोसाठी मोजकेच आकडे आहेत: बूस्टने चढताना किती रेंगाळायचं, उतरताना किती, जास्तीत जास्त बूस्ट, वेस्टगेटची मर्यादा, पूर्ण बूस्ट कोणत्या आरपीएमला. शाफ्टचं वजन, एक्झॉस्टची उष्णता यांचा पत्ताच नाही. २०१४ च्या गेममध्ये तो बनवणाऱ्या कुनोस सिमुलाझिओनी कंपनीच्या लोकांनी एवढ्याशा हिशेबातून पायाला जाणवणारा टर्बो उभा केला, याचं मला मनापासून कौतुक आहे. तरी शाफ्ट हातात धरणाऱ्याला ती उणीव खटकतेच.

लोटस ९८टी जरूर चालवा. १९८६ ची फॉर्म्युला वन गाडी, १.५ लिटरचं रेनो इंजिन, आणि धावता धावता बूस्ट वाढवायची सोय. बूस्ट चढवला की वरच्या गिअरलाही मागची चाकं फिरायला लागतात. सरळ रस्त्यावर दोन्ही हात घट्ट ठेवा.

एफ४० मात्र फॅक्टरी सेटिंगवरच, म्हणजे खऱ्या गाडीत होत्या तेवढ्याच सोयींवर, चालवा. चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल लावलं की बुचिनेमधला तो रेटा दबून जातो.