आमचेच पैसे आमच्याच क्लबला व्याजाने दिले – माझे २,००० पाऊंड कसे गेले ते सांगतो

आधीच सांगून टाकतो, माझे २,००० पाऊंड गेलेत आणि ते परत येतील असं मला आता वाटत नाही. क्रिप्टो नाही, लॉटरीचा मेल नाही, इंग्लंडमधला एक छोटा फुटबॉल क्लब वाचवायला म्हणून दिले होते. क्लबचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. इथे यूकेत राहणारे बरेच मराठी लोक शनिवारी लोकल टीमच्या मॅचला जायला लागतात, मग मेंबर होतात, मग जीव गुंततो, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचा क्लब फॅन-ओन्ड. म्हणजे मालक एक सपोर्टर्स ट्रस्ट, म्हणजे फॅन्सचीच संस्था, ज्याने १० पाऊंड भरले त्यालाही एक मत आणि ज्याने १० हजार भरले त्यालाही एकच मत. ही कल्पना मला फारच आवडलेली, आजही आवडते. एक्झेटर सिटी बघा, २००३ ला तिथल्या ट्रस्टने बुडीत क्लब हातात घेतला, जानेवारी २००५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, मॅच परत खेळावी लागली आणि त्या दोन मॅचच्या पैशाने मोठा हातभार लागून देणी मिटली. विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या फॅन्सनी तर २००२ मध्ये टीम मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाल्यावर स्वतःचा क्लब शून्यातून उभा केला. असल्या गोष्टी ऐकून आम्ही सगळे भारावलेलो. भारावलेला माणूस कागद वाचत नाही.

खालच्या लीगमध्ये पैशाचं गणित काय असतं हे मला आत गेल्यावर कळलं. टीव्हीचा पैसा जवळपास नाहीच. तिकीट, बार, मैदानाभोवतीच्या जाहिराती, संपलं. डिसेंबर-जानेवारीत मैदान गोठलं की दोन-तीन होम मॅच पुढे ढकलल्या जातात, गेटचा पैसा येत नाही पण प्लेयर्सचा पगार दर आठवड्याला द्यावाच लागतो. मग क्लब काय करतात, पगारातून कापलेला टॅक्स एचएमआरसीला, म्हणजे टॅक्स खात्याला, भरायचा तो भरतच नाहीत. बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट समजतात त्याला, आणि ते बिनव्याजी अजिबात नसतं. आमच्या बोर्डावर पाच जण, सगळे बिनपगारी, एक शिक्षक, एक प्लंबर, बाकीचे रिटायर्ड. वाईट कोणीच नव्हतं. पण सहा महिने टॅक्स थकलाय हे मेंबरांना कोणी सांगितलं नाही, आणि आम्हाला ते कळलं थेट एचएमआरसीने कोर्टात क्लब बंद करायची पिटिशन टाकल्यावर.

आता इथे जरा नीट वाचा कारण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. अशी पिटिशन गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून आली की बँक क्लबचं खातं गोठवते. का, तर पुढे कोर्टाने क्लब बंद केलाच तर मधल्या काळात खात्यातून गेलेले पैसे बेकायदा ठरू शकतात, बँक कशाला रिस्क घेईल. म्हणजे क्लबला पैसे हवेत, फॅन्स द्यायला तयार आहेत आणि पैसे घ्यायला खातंच नाही.

नेमका त्याच आठवड्यात तो आला. मी त्याला साहेब म्हणतो कारण तो तसाच वागायचा. मस्त कोट, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवायचा, माझं नावसुद्धा पहिल्या फटक्यात बरोबर उच्चारलं, आठ वर्षांत ऑफिसात ते कोणाला जमलं नव्हतं. (यावरच मी अर्धा गार झालो, खरं सांगतो.) म्हणाला मी लहानपणापासून याच क्लबचा फॅन, बिझनेसनिमित्त बाहेर होतो, आता काहीतरी परत द्यायचंय. वर रेक्सहॅमचं उदाहरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या ट्रस्टने रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन नटांना क्लब दिला आणि पुढे काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक छोट्या क्लबला वाटतं की आपलाही हिरो कुठूनतरी येतोच आहे. आमचा आला.

त्याची आयडिया ऐकायला साधी होती. क्लबचं खातं बंद आहे ना, मग आपण वेगळी कंपनी काढू, फॅन्स तिला बिनव्याजी उसने पैसे देतील, ती कंपनी क्लबच्या वतीने एचएमआरसीला थेट पैसे भरेल, सीझन संपला की तिकिटांच्या पैशातून सगळ्यांना परतफेड. कंपनीच्या नावात क्लबचं नाव होतंच, पुढे फक्त एक जास्तीचा शब्द. मेंबरांना मेल क्लबच्या नेहमीच्या मेलवरून आला, खाली चेअरमनची सही.

बायको म्हणाली, "हे अकाउंट कोणाचं आहे?" मी म्हटलं क्लबचंच आहे गं. ती म्हणाली, "क्लबचं खातं बंद आहे असं तूच म्हणालास ना काल." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण चिडलो होतो एवढं आठवतं. बँकेच्या ॲपवर नाव टाकलं, हिरवी खूण आली, नाव जुळतंय. जुळणारच ना, कंपनी खरी होती, खातं खरं होतं. ती हिरवी खूण फक्त एवढंच सांगते की या नावाचं हे खातं आहे. त्या नावामागे कोण बसलंय ते ती सांगत नाही. पैसे पाठवले.

दोन-तीन आठवड्यात लाखाच्या वर पाऊंड जमले. मॅचला माझ्या बाजूला उभे राहणारे एक आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, हसत.

मग मेंबरांची तातडीची मीटिंग झाली. साहेबांना डायरेक्टर करायचं आणि सहा महिने दुसऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराशी बोलणी करायची नाहीत असा ठराव. हॉल खचाखच. आजोबा उठले आणि विचारलं की मैदान कुठे गहाण वगैरे ठेवलेलं नाही ना? आपल्याकडे मैदानाचा लांब मुदतीचा लीज आहे, तेवढीच काय ती क्लबची इस्टेट. साहेब म्हणाले, कंपनीज हाऊसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी खात्याच्या, साईटवर जा, फुकट आहे, आत्ता इथे बसून बघा. मी स्वतः फोनवर बघितलं. क्लबच्या नावावर एकही बोजा नाही. मी मोठ्याने "क्लीन आहे" म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते दोन शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

कारण गहाणखत त्याच्या पाच दिवस आधीच सह्या होऊन तयार होतं. इंग्लंडमध्ये कंपनीने मालमत्तेवर बोजा चढवला की तो नोंदवायला २१ दिवसांची मुदत असते. त्या २१ दिवसांत नोंद होईपर्यंत रजिस्टर स्वच्छच दिसतं. त्यांनी अगदी शेवटी नोंदवलं, म्हणजे मीटिंग झाली, ठराव पास झाला, सगळे घरी गेले, एचएमआरसीचे पैसे भरून पिटिशन निकालात निघाली, पार्टी झाली आणि मग एके दिवशी क्लबच्या नावापुढे एक चार्ज, म्हणजे बोजा, दिसायला लागला. कोणाच्या नावे? त्याच कंपनीच्या. आम्ही जिला बिनव्याजी पैसे दिले ती कंपनी.

लक्षात आलं का काय केलं? आमचे पैसे कंपनीत गेले, बिनव्याजी, तारण शून्य. कंपनीने त्यातले अर्ध्याच्या आसपास एचएमआरसीला भरले, बाकीचे "कायदेशीर आणि व्यवस्थापन खर्च". आणि जे भरले ते क्लबला व्याजाने दिलेलं कर्ज म्हणून दाखवलं, मागताक्षणी परत करायचं, तारण म्हणून मैदानाचा लीज आणि क्लबचं असेल नसेल ते सगळं. त्याच्या खिशातला एक पाऊंड लागला नाही. आमच्याच पैशाने आमचंच मैदान त्याच्याकडे गहाण पडलं.

तुम्ही म्हणाल ट्रस्टच्या नियमात संरक्षण नव्हतं का. होतं की, ट्रस्टची मालमत्ता फॅन्सच्या भल्यासाठीच वापरायची असं कलम होतं. पण मैदान ट्रस्टच्या नावावर नव्हतं, ट्रस्टच्या मालकीच्या क्लब कंपनीच्या नावावर होतं. आणि मैदान विकायला मेंबरांची मंजुरी लागत होती, गहाण ठेवायला लागत नव्हती. विकणं लिहिलं होतं, गहाण ठेवणं लिहायचं राहिलं. बोर्डावरच्या दोघांनी रात्री साडेदहाला सह्या केल्या, क्लबचा स्वतःचा वकील नव्हता, कागद साहेबांच्या वकिलाने बनवलेला, "हा स्टँडर्ड फॉर्म आहे" असं सांगून. शिक्षकबाई आता मॅचला येत नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि मग लगेच "क्लीन आहे" आठवतं.

सीझन संपल्यावर त्याने कर्ज परत मागितलं. क्लबकडे कुठून असणार. ज्याच्याकडे असा सगळ्या मालमत्तेवरचा बोजा असतो तो कोर्टात सुनावणी न होता स्वतः ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार हातात घेणारा माणूस, नेमू शकतो, हे मला तेव्हा कळलं. नेमला. त्याची शिक्षा म्हणून पुढच्या सीझनला १० गुण वजा. प्लेयर्स आणि दुसऱ्या क्लबची देणी फुटबॉलच्या नियमाने आधी आणि पूर्ण द्यावी लागतात, त्यामुळे गवत कापणारा, प्रोग्रॅम छापणारा असे लोक शेवटी उरले. लीज दुसऱ्याच कोणाच्या हातात गेला. आम्ही आता शेजारच्या गावातलं मैदान भाड्याने घेऊन खेळतो. डार्लिंग्टनसारखं तरी झालं नाही म्हणायचं, २०१२ मध्ये फॅन्सनी तो क्लब वाचवला तर एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, त्यांना नवीन क्लब ठरवून चार पातळ्या खाली ढकललं, नावसुद्धा कित्येक वर्षं जुनं वापरू दिलं नाही.

मी काय काय केलं तेही सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. बँकेकडे गेलो. ऑक्टोबर २०२४ पासून इथे ऑनलाइन ट्रान्सफर करून फसलेल्यांना बँकेने ८५,००० पाऊंडांपर्यंत भरपाई द्यायचा नियम आहे, म्हटलं झालं काम. बँक म्हणाली, तुम्ही ज्याला पैसे द्यायचे होते त्यालाच दिलेत, कंपनी खरी आहे, उसने घेतलेले परत केले नाहीत हा दिवाणी वाद आहे, फ्रॉड नाही. ॲक्शन फ्रॉडला, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या सरकारी केंद्राला, तक्रार केली, एक नंबर मिळाला. ॲडमिनिस्ट्रेटरला पत्र लिहिलं, तो म्हणाला क्लब तुमचं काही देणं लागतच नाही, तुम्ही त्या दुसऱ्या कंपनीला पैसे दिलेत. बरोबर आहे त्याचं. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने नवीन रेग्युलेटर आलाय, सगळे म्हणाले तिकडे जा, पण तो वरच्या ५ पातळ्यांच्या क्लबसाठी आहे, आम्ही त्याच्या खाली.

मला लोक विचारतात की आधीच काय विचारायला हवं होतं. खरं सांगू, बायकोने विचारलं तेवढंच. खातं कोणाचं, त्या कंपनीचे डायरेक्टर आणि खरे मालक कोण (हे कंपनीज हाऊसवर फुकट दिसतं, आमच्या कंपनीत एकटा साहेब होता आणि कंपनी नऊ दिवस जुनी होती), माझे पैसे क्लबकडे कुठल्या रूपाने पोचणार, आणि त्या बदल्यात क्लबने कोणाला काय लिहून दिलंय. शेवटचं बोर्डाला तोंडी नाही, लेखी विचारायचं. रजिस्टर आज स्वच्छ दिसतंय याचा अर्थ तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत स्वच्छ होतं एवढाच घ्यायचा. आणि गोठलेल्या खात्याला उपाय असतो, कोर्टाकडून ठरावीक व्यवहारांची परवानगी काढता येते किंवा वकिलाच्या क्लायंट अकाउंटमध्ये, म्हणजे अशिलांच्या पैशासाठीच्या वेगळ्या खात्यात, पैसे ठेवता येतात, त्यासाठी कोणा भल्या माणसाच्या नऊ दिवसांच्या कंपनीची गरज नसते.

आता त्या कंपनीचं काय चाललंय ते. तिने हिशोब भरलेच नाहीत, म्हणून कंपनीज हाऊस तिला रजिस्टरवरून काढायला निघालं. काढलं की कंपनीच उरत नाही, मग आम्ही पैसे मागायचे कोणाकडे. आजोबा आणि मी एका रविवारी बसून हरकतीचा अर्ज भरला, पुरावा म्हणून बँकेच्या ट्रान्सफरच्या पावत्या जोडल्या, आणि काढायची प्रक्रिया काही महिन्यांसाठी थांबली. मुदत संपली की नोटीस परत निघते. आजोबांनी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवलीय, त्या दिवशी होम मॅच आहे, हाफटाइमला माझ्या फोनवरून दुसरी हरकत टाकायचं ठरलंय.