दोन सत्रं ऑनलाइन कॉलेज केल्यावर: आपली तयारी आहे का, हे कशावरून ओळखायचं

प्रवेशाआधी बरीच कॉलेजं एक प्रश्नावली भरून घेतात. ‘तुम्ही स्वतःहून अभ्यास करता का?’, ‘वेळेचं नियोजन जमतं का?’ असे दहा-वीस प्रश्न असतात आणि शेवटी ‘तुम्ही ऑनलाइन शिक्षणासाठी तयार आहात’ असा शेरा मिळतो. दोन सत्रांनंतरचं स्पष्ट मत असं की, निर्णय घ्यायला ही प्रश्नावली फारशी उपयोगाची नाही. असं विचारलं की माणूस आपण कसे आहोत ते सांगत नाही, कसं असायला हवं ते सांगतो. त्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा: गेल्या मंगळवारी संध्याकाळी ७ ते ९ आपण नेमकं काय करत होतो? बुधवारी? गुरुवारी? आठवत नसेल, तरी ते तास कशात तरी गेलेच आहेत. कॉलेज सुरू झालं म्हणून ते आपोआप मोकळे होत नाहीत.

तयारीचा निम्मा प्रश्न तासांचाच आहे, म्हणून आधी हिशोब. बऱ्याच ठिकाणी चालणारा ढोबळ नियम असा: एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक) आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास स्वतःचा अभ्यास. म्हणजे ३ क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला ९ तास आणि १५ आठवड्यांच्या सत्रात १३५ तास. युरोपातल्या कॉलेजांच्या ईसीटीएस (ECTS) या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत एक क्रेडिट साधारण २५ ते ३० तासांच्या कामाचं धरतात, त्यामुळे नुसता क्रेडिटचा आकडा बघून विषय निवडू नये. आधी त्याचे तास काढावेत. आणि ८ आठवड्यांच्या छोट्या सत्रापासून तर पहिल्या खेपेला लांबच राहावं. तिथे तेच १३५ तास कोंबलेले असतात, म्हणजे आठवड्याला जवळपास १७ तास. ‘लवकर संपेल’ म्हणून ते घेतलं आणि एक आठवडा आजारपणात गेला, तर सत्राचा आठवा हिस्सा हातून गेला.

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रेकॉर्डिंग, आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्याच्यामुळेच होतं. ‘नंतर बघू’ म्हणता येतं, म्हणून लेक्चरं साठत जातात. तीन आठवडे मागे पडलं की २७ तासांचा अभ्यास डोक्यावर असतो आणि चालू आठवड्याचे ९ तास वेगळेच. नोकरी सांभाळून एका आठवड्यात ३६ तास कुणाच्याच हाती नसतात. मग दुप्पट वेगाने लेक्चर लावायचं, शेजारी दुसरं काहीतरी करत राहायचं आणि ‘झालं एकदाचं’ म्हणायचं. प्रत्यक्षात ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग थांबवत, मागे घेत, टिपणं काढत नीट बघितलं तर सव्वा ते दीड तास लागतो. वेळापत्रकात तेवढा वेळ धरलेला नसेल तर ते वेळापत्रक खोटं आहे.

बघण्याने शिकल्यासारखं वाटतं, पण ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. वर्गात शिक्षक मधेच प्रश्न विचारतात तेव्हा हे आठवून बघणं आपसूक घडतं. ऑनलाइनमध्ये ते स्वतःच घडवून आणावं लागतं: दर १२-१५ मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा, स्क्रीन झाकायची, तीन ओळी लिहायच्या आणि मगच पुढे जायचं. हे कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही.

आता साधनांबद्दल. फोनवर लेक्चर ऐकता येतं, सूचना वाचता येतात. पण १,५०० शब्दांचा निबंध, स्प्रेडशीट, किंवा एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला उत्तर, यांसाठी लॅपटॉपच हवा. परीक्षेत कॅमेऱ्याची देखरेख असेल तर अनेकदा वेगळा लॉकडाऊन ब्राउझर (परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा) टाकावा लागतो, आणि तो सहसा फोनवर चालत नाही. ऑफिसचा लॅपटॉप वापरणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण त्यावर नवीन सॉफ्टवेअर टाकायची परवानगीच नसते. हे परीक्षेच्या सकाळी कळण्यापेक्षा प्रवेशाआधी विचारून घ्या: कोणता ब्राउझर लागतो, कोणत्या सिस्टिमवर चालतो आणि सराव परीक्षा कधी देता येते.

इंटरनेटची गती दुपारी तपासून काही कळत नाही. वर्ग ज्या वेळी असेल त्याच वेळी, ज्या खोलीत बसणार तिथूनच, तीन-चार दिवस तपासा. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघा, कारण आपला आवाज आणि चित्र अपलोडवरून जातं. आवाज तुटत असेल तर आधी आपला कॅमेरा बंद करून बघा. तरी तुटतच राहिला तर राउटरला केबल जोडा. केबल शक्य नसेल आणि राउटर जवळ असेल, तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. फोनचा हॉटस्पॉट पर्याय म्हणून तयार ठेवावा, पण डाटा किती जातो ते माहीत असू द्या: १.५ एमबीपीएसने एक तास चाललेला व्हिडिओ सुमारे ६७५ एमबी खातो.

सबमिट करण्यातल्या चुका किरकोळ वाटतात, पण गुण जातात ते इथेच. मूडलमध्ये (अनेक कॉलेजं वापरतात ती ऑनलाइन वर्गाची प्रणाली) शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर फाइल अपलोड करूनही असाइनमेंट ‘ड्राफ्ट’ म्हणूनच पडून राहते. त्यानंतर सबमिटचं वेगळं बटण दाबावं लागतं. हिरवी खूण किंवा फाइलचं नाव दिसलं म्हणून टॅब बंद करू नका. स्थितीच्या रकान्यात ‘सबमिटेड’ आल्याचं बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हाताने लिहिलेल्या उत्तरांचे आठ सुटे फोटो पाठवण्याऐवजी स्कॅनिंग अ‍ॅपमधून एकच पीडीएफ करा. आयफोनचे हेइक (HEIC) प्रकारातले फोटो काही ठिकाणी उघडतच नाहीत. अपलोड केलेली फाइल परत डाउनलोड करून उघडून पाहणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे. कॉलेज दुसऱ्या देशातलं असेल तर रात्री ११:५९ ची डेडलाइन कोणत्या घड्याळाची, तेही पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. तिथे उन्हाळी वेळ पाळत असतील, म्हणजे ऋतूनुसार घड्याळ एक तास पुढे-मागे करत असतील, तर थेट वर्ग सत्राच्या मध्येच एका तासाने सरकू शकतो.

विचारण्याचा संकोच ही अशी गोष्ट आहे की तिच्याकडे कुणी तयारीचा भाग म्हणून बघतच नाही. वर्गात चेहरा बघून शिक्षकांना कळतं की मुलगा अडलाय. इथे न विचारणारा विद्यार्थी आणि सगळं समजलेला विद्यार्थी अगदी सारखे दिसतात. ईमेलला उत्तर यायला एक-दोन दिवस धरावेत, त्यामुळे रविवारच्या डेडलाइनचा प्रश्न शनिवारी रात्री विचारून काही हाती लागत नाही. गुरुवारपर्यंत तो गेलेला हवा. ‘सर, कळलं नाही’ एवढंच लिहिलं तर उलट प्रश्न येतो आणि आणखी एक दिवस जातो. विषयाचा कोड, आठवडा, प्रश्न क्रमांक, कुठल्या पायरीपर्यंत आलं, काय करून पाहिलं आणि स्क्रीनशॉट: एवढं एकाच ईमेलमध्ये द्या.

तयारी खरोखर तपासायची असेल तर फी भरण्याआधी दोन आठवडे तालीम करावी. त्याच विषयाचा एखादा मोफत कोर्स घ्या आणि आठवड्याला ९ तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसा. लेक्चर बघा, २०-२५ पानं वाचा, पुस्तक बंद करून ३०० शब्द लिहा, त्याची पीडीएफ करून रविवारी रात्री ठरल्या वेळेच्या आत कुणाला तरी पाठवा. ‘कुणाला तरी’ हे महत्त्वाचं. स्वतःच घातलेली मुदत स्वतःच पुढे ढकलता येते. नुसता मोफत कोर्स बघून संपवला, याला मात्र तयारीचा पुरावा मानू नका. तिथे मुदतही नसते आणि कुणी वाटही बघत नसतं.

रोज किती वेळ खरंच बसलात ते कागदावर लिहा, फोन हातात गेलेली मिनिटं वजा करून. दोन आठवड्यांच्या १८ पैकी १५ तास किंवा जास्त झाले, तर एक विषय निर्धास्त घ्या. १० ते १५ झाले, तर कोणते तास बुडाले ते बघा. नेहमी एकच वार बुडत असेल तर तो वार बदलला की काम होतं. सगळीकडून थोडे थोडे गळत असतील तर घरातल्यांशी बोलून दार बंद करता येईल अशी वेळ मिळवावी लागेल. १० च्या खाली असेल तर हे सत्र सोडा आणि पुढच्या वेळी पुन्हा तालीम करा. हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत, पण निकाल लावायला पुरेसे कडक आहेत.

पहिल्या सत्रात गणित किंवा प्रयोगशाळेचा विषय घेऊ नये, असंही प्रामाणिकपणे वाटतं. गणितात अडचण नेमक्या एका पायरीवर येते आणि ती टाइप करून सांगणं फार वेळखाऊ असतं. भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांसारखे वाचन-लेखनाचे विषय ऑनलाइनमध्ये चांगले चालतात; लाजऱ्या विद्यार्थ्यांना तर लेखी चर्चेत बोलायला वर्गापेक्षा जास्त वाव मिळतो.

प्रवेश घेतलाच तर दोन तारखा कॅलेंडरवर लगेच टाका: विषय सोडला तर गुणपत्रिकेवर काहीच नोंद राहत नाही ती शेवटची तारीख, आणि नोंद राहते पण नापास धरत नाहीत ती शेवटची तारीख. पहिल्या तारखेच्या तीन दिवस आधी बुडालेले तास मोजा. एका आठवड्याहून जास्त मागे असाल तर विषय त्याच दिवशी सोडा.