उस्तादजींचा क्लास: ग्वाल्हेरच्या डॉग ट्रेनिंग क्लबचा काही महिन्यांचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. क्लब उत्तम आहे, आणि तो उत्तम आहे तिथल्या दोन अनुभवी प्रशिक्षकांमुळे. मैदान साधं, सामान जुनं, सोयी जेमतेम. तरीही दिवाळीनंतर सुरू केलेला क्लास आम्ही पावसाळा लागला तरी सोडलेला नाही, आणि इतक्यात सोडणारही नाही.

आमची ठमी गावठी आहे, दौलतगंजच्या एका गल्लीतून घरी आलेली. अंगाने सडपातळ, पण ओढ अशी की विचारू नका. पहाटे तिला कटोरातालाकडे फिरायला माझे सासरे नेतात. आप्पांनी सत्तरी ओलांडली आहे. रस्त्यात गाय दिसली की ठमी झेप घ्यायची आणि आप्पांचा तोल जायचा. क्लबच्या आधी घरी येऊन शिकवणारा एक जण लावला होता. महिन्याभरात कुत्रं सरळ करून देण्याची त्याची हमी होती, आणि हत्यार म्हणजे आतून काटे असलेला पट्टा. परिणाम असा झाला की पट्ट्याचा आवाज आला की ठमी दिवाणाखाली शिरायची आणि जेवायलाही बाहेर यायची नाही. ते बंद करून आम्ही क्लबात गेलो.

क्लबात आज्ञापालन शिकवतात त्यांना सगळे उस्तादजी म्हणतात. सीमा सुरक्षा दलातली सवय, ती इथेही चालू राहिली. त्यांची बरीचशी नोकरी श्वानपथकात गेली. ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको, झाशी रस्त्यावरचं टेकनपूर आपल्या दाराशीच आहे. सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र तिथे 1970 पासून आहे, आणि दलाबरोबरच राज्यांच्या पोलिसांचे कुत्रे आणि हँडलर, म्हणजे त्यांना सांभाळणारी माणसंही तिथे तयार होतात. अशा ठिकाणी हात बसलेला माणूस निवृत्तीनंतर गावातल्या कुत्र्यांना शिकवतो, हे या शहराचं भाग्यच म्हणायचं.

ठमीला नेताना माझ्या मनात एक धास्ती होती. आधी जिथे जिथे चौकशी केली, तिथे पहिला प्रश्न ‘ब्रीड कोणती?’ आणि ‘गावठी’ म्हटलं की समोरच्याचा आवाज बदलायचा. उस्तादजींनी तो प्रश्न विचारलाच नाही. वय विचारलं, लसी विचारल्या, ती कशाला घाबरते ते विचारलं. पुढे कधीतरी विषय निघाला तेव्हा त्यांनी रियाचं उदाहरण दिलं. ही सीमा सुरक्षा दलाची मुधोळ हाउंड, म्हणजे देशी जातीची शिकारी कुत्री. 2024 मध्ये लखनौला झालेल्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीट या पोलिसांच्या स्पर्धेत परदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून ती पहिली आली. मुधोळ आणि गल्लीतली ठमी एक नव्हेत, हे त्यांनीच लगेच सांगितलं. पण आपल्या मातीतल्या कुत्र्यांना डोकं नसतं, असं कुणी म्हटलं की त्यांना मनापासून राग येतो. तो राग मला फार आवडला.

पहिल्या दिवशी कुणालाही काहीही शिकवलं गेलं नाही. आम्ही सगळे गोलात उभे, प्रत्येकाच्या हातात लीश (कुत्र्याची दोरी), आणि उस्तादजी हात मागे बांधून फक्त फिरत होते. काही नवे लोक चुळबुळायला लागले. पंधरा-वीस मिनिटांनी ते एका जर्मन शेफर्डजवळ थांबले आणि त्याच्या मालकाला म्हणाले, “इसको नींद नहीं आ रही, ये घबराया हुआ है.” तो कुत्रा एकसारखा जांभया देत होता, मधूनच नाक चाटत होता, शेपूट पोटाकडे वळलेली. त्याला त्यांनी गोलाच्या बाहेर, भिंतीजवळ उभं केलं. थोड्या वेळात जांभया थांबल्या आणि तो मालकाच्या हातातलं बिस्किट घ्यायला लागला. आधी बिस्किटाकडे ढुंकूनही बघत नव्हता. घाबरलेलं कुत्रं खात नाही, आणि जे खात नाही ते त्या घडीला शिकतही नाही. तेव्हा आधी त्याला लांब न्या, मग बाकीचं.

ठमीच्या बाबतीत तर कित्येक आठवडे एकच काम चाललं होतं. साधा कापडी पट्टा जमिनीवर ठेवायचा, तिने वास घेतला की पनीरचा तुकडा. मग पट्टा हातात धरायचा आणि तिने स्वतः डोकं आत घातलं की तुकडा. त्या काळात ‘सिट’सुद्धा घेतलं नाही. फी भरून हेच करायचं का, असं घरात विचारलं गेलं. आता पट्टा खुंटीवरून काढला की ठमी मान पुढे करून उभी राहते, त्यामुळे तो प्रश्न पुन्हा निघालेला नाही.

त्यांचं सगळं शिकवणं वेळ साधण्यावर आहे. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी ‘हां’ म्हणायचं आणि मगच हात खाऊच्या पिशवीकडे न्यायचा. बहुतेकांचा हात आधी जातो. मग कुत्रा माणसाकडे न बघता पिशवीकडे बघायला शिकतो. उस्तादजी हे मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून पकडतात. आज्ञा एकदाच द्यायची, हा दुसरा नियम. ‘सिट, सिट, सिट’ असं तीनदा म्हटलं तर कुत्र्याच्या लेखी तिसरं ‘सिट’ हीच खरी आज्ञा. ‘स्टे’ शिकवताना वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गोंधळ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आणि काम चांगलं झालं की तिथेच थांबायचं. ‘अजून एकदा करून बघू’ म्हणणाऱ्याची लीश ते सरळ हातातून काढून घेतात. आप्पांना “बाबूजी, बस, आज का हो गया” असं इतक्या आदराने सांगतात की आप्पा मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसतात.

मैदानावर शहाणं असलेलं कुत्रं रस्त्यावर सगळं विसरतं, हा सगळ्यांचाच अनुभव. कुत्र्याच्या दृष्टीने मैदानावरचं ‘सिट’ आणि चौकातलं ‘सिट’ या वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून थंडीत त्यांनी आमची बॅच सकाळी लवकर महाराज बाड्यावर नेली. दुकानं बंद, पण गायी, टमटम, दुधाच्या बरण्या घेऊन जाणाऱ्या मोटारसायकली सगळं होतं. आधी चौकाच्या कडेला लांब उभं राहायचं, कुत्र्याने आपल्याकडे वळून पाहिलं की बक्षीस, मग चार पावलं आत. पुढे लग्नसराईत एक वरात आमच्या गल्लीतून गेली तेव्हा ठमी आप्पांच्या पायाशी बसून राहिली, डीजेकडे एकदा बघून पुन्हा त्यांच्या चेहऱ्याकडे. आप्पांनी त्या रात्री सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

खेळाचा भाग, म्हणजे अ‍ॅजिलिटी ही अडथळ्यांची शर्यत, एक मराठी ताई शिकवतात. 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान प्रदर्शनात मधल्या वेळेत करमणूक म्हणून घोड्यांच्या उड्यांसारखी कुत्र्यांची शर्यत दाखवली गेली, तिथून हा खेळ वाढला. टनेल, उड्या, सी-सॉ, ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतरती फळी), आणि साठ-साठ सेंटिमीटरवर रोवलेल्या 12 काठ्यांमधून नागमोडी धावणं. ए-फ्रेमच्या खालच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्याला कुत्र्याचा पाय लागलाच पाहिजे. वरूनच उडी मारली तर चूक धरतात, कारण तशा उड्यांनी खांदे आणि मनगटं जातात. एका चुकीला 5 गुण, अडथळा नाकारला तरी 5, आणि तिसऱ्यांदा नाकारला की स्पर्धेतून बाद.

ताईंचा अनुभव कळतो तो त्या काय करू देत नाहीत यावरून. आठ महिन्यांचं एक लॅब्रॅडॉर आलं होतं, अंगात नुसती वीज. मालकाला त्याच्या उड्यांचा व्हिडिओ हवा होता. ताईंनी स्वच्छ नकार दिला. या वयात हाडांच्या टोकांची वाढ चालू असते आणि उड्यांचा मार तिथेच बसतो. आंतरराष्ट्रीय नियमातही 18 महिन्यांच्या आतलं कुत्रं स्पर्धेत उतरत नाही. त्यांनी त्याला जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठ्यांवरून चालायला लावलं. मालक तणतणत गेले. एक विद्यार्थी आणि त्याची फी गेली, ताईंनी त्याचं काहीही वाटून घेतलं नाही. माझ्या लेखी क्लबची परीक्षा इथे होते.

ग्वाल्हेरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा 45 च्या वर गेला की क्लास पहाटे साडेपाचला. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, घाम येतो तो फक्त पंजांना. उस्तादजी रोज तळहाताची मागची बाजू जमिनीला लावून बघतात. चटका बसला की क्लास नाही, कोण किती लांबून आलंय याचा विचार नाही.

आता तक्रारी. फी इतरांपेक्षा जास्त आहे. थंडीत नव्या पिल्लांची गर्दी होते तेव्हा रविवारची बॅच फार मोठी होते आणि उस्तादजींची नजर प्रत्येकापर्यंत पोहोचत नाही. ते गावी गेले की मदतनीस मुलं क्लास घेतात. मुलं मनमिळाऊ आहेत, पण घाईची. तीच कवायत त्यांच्या हाती कोरडी वाटते, आणि तेव्हाही फी तीच. वेळ बदलल्याचा निरोप कधीकधी रात्री अकराला येतो. बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, हे क्लबने आता तरी मनावर घ्यावं. ए-फ्रेमवरचं रबर बराच काळ सुटलेलं होतं. ताईंनी तोवर त्यावर एकही कुत्रं चढू दिलं नाही, पण दुरुस्तीला इतके दिवस लागायला नको होते.

ठमी आज लीश सैल ठेवून आप्पांच्या चालीने चालते, लांबून हाक मारली तर येते, टनेल तिचा जीव की प्राण. माकडं दिसली की मात्र अजून भुंकून गल्ली डोक्यावर घेते, आणि फटाक्यांची भीती तशीच आहे. उस्तादजी म्हणतात, फटाक्यांवर काम करायचं तर आतापासून, हळू आवाजातल्या रेकॉर्डिंगवर, ऐन दिवाळीत नव्हे. ते आम्ही सुरू केलं आहे.

कुत्रं सोडून जायचं आणि शिकवलेलं परत न्यायचं, असं हवं असेल तर इथे येऊ नका, घरातल्या माणसाला रोज उभं राहावं लागतं. यायचंच असेल तर बॅचमध्ये किती कुत्री आहेत आणि उस्तादजी स्वतः किती दिवस असतील हे आधी विचारून घ्या. लसीकरणाचं पुस्तक, पाणी आणि बारीक तुकडे केलेलं पनीर किंवा उकडलेलं चिकन बरोबर असू द्या. खाऊत मनुका चुकूनही नको, त्या कुत्र्यांना विषारी असतात. आणि सकाळचं जेवण क्लास झाल्यावर द्या.